येथे मेमरी कार्ड भरून मिळेल

भोसरी, पिंपरी, चिंचवडच्या एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार एकाच दिवशी अंगावर येऊ नये म्हणून औद्योगिक पट्ट्यांना सुट्टीचे वेगवेगळे वार वाटून दिले गेले, त्यात आमच्या वाट्याला गुरुवार आला. पुण्यातला बाजार रविवारी फुलतो, आमचा गुरुवारी. त्यातही पगार जमा झाल्यावरचा, म्हणजे सात-दहा तारखेनंतरचा पहिला गुरुवार आला की मोबाईलच्या दुकानांपुढे रांग लागायची. रांगेतल्या बहुतेकांना फोन घ्यायचा नसायचा. हातात मेमरी कार्ड असायचं आणि दुकानाच्या काचेवर लाल स्टिकरच्या अक्षरांत लिहिलेलं असायचं: ‘येथे मेमरी कार्ड भरून मिळेल.’

साधारण २००६ ते २०१५ हा या धंद्याचा भराचा काळ. आज ती पाटी शोधूनही सापडत नाही. या पट्ट्यातल्या कारखान्यांचा इतिहास लिहिला गेला आहे. १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, मग आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को, १९७० साली नगरपालिका, १९८२ साली महापालिका, हे सगळं कागदावर आहे. युनियनचे लढे कागदावर आहेत. पण सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री बाराला खोलीवर परतलेला कामगार कानात काय घालून झोपायचा, हे कुठे लिहिलेलं नाही. मी त्या धंद्यात काउंटरच्या आतल्या बाजूला होते. बारावी आणि एमएस-सीआयटी झाल्यावर दादाच्या भोसरीतल्या दुकानात बसायला लागले, लग्नानंतर चाकणला नाणेकरवाडीच्या बाजूला स्वतःचं छोटं दुकान टाकलं. त्या धंद्याचा एक कोपरा असा आहे की तो माझ्याइतका जवळून फार थोड्यांनी पाहिला असेल. गेमच्या फाइलीच्या पोटातून आवाज बाहेर काढून देण्याचं काम. त्याबद्दलच लिहिते.

आवाज काढून देणं आमच्याकडे कॉम्प्युटरच्या आधीपासून होतं. पिंपरी कॅम्पात फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी बाजार उभा केला आणि ऐंशीच्या दशकात तिथेच कोऱ्या कॅसेटींचा व्यापार वाढला. गाण्यांची यादी वहीच्या पानावर लिहून रेकॉर्डिंगवाल्याकडे द्यायची, साठची की नव्वदची कॅसेट ते सांगायचं आणि चार दिवसांनी न्यायला यायचं. यादीत प्रल्हाद शिंदे, भीमगीतं, कव्वाल्या, लावण्या, एखादं हिंदी सिनेमातलं गाणं. चांगला रेकॉर्डिंगवाला बाजू संपताना गाणं मध्येच तुटू देत नसे, मिनिटांचा हिशोब करून क्रम लावायचा. पुढे एका सीडीत दीडशे गाणी मावायला लागली आणि तो हिशोब बंद झाला.

२००३च्या पावसाळ्यात रिलायन्सने ५०१ रुपयांत फोन हातात दिला आणि त्याच वर्षी इनकमिंग फुकट झालं. शॉप फ्लोअरवर मोबाईल पोचला तो तेव्हा. त्याआधी फोन होते ते सुपरवायझरकडे, बहुतेक नोकिया ३३१०. त्यात कंपोझर नावाची सोय होती, पन्नास सुरांपर्यंतची रिंगटोन स्वतः लिहिता यायची. १ ते ७ आकडे म्हणजे सात सूर, ८ने सूर आखूड, ९ने लांब, ० म्हणजे विराम, चांदणी दाबली की सप्तक बदलायचं, चौकट दाबली की सूर तीव्र. लांडेवाडीच्या भजनी मंडळातले एक पेटीवाले काका फावल्या वेळात अभंगांच्या चाली आकड्यांत उतरवून द्यायचे. १ म्हणजे सा धरला की त्यांच्यासाठी ती सरगमच होती. चिठ्ठ्या हातोहात फिरायच्या. त्या चिठ्ठीवर आवाज नव्हता, सुरांची नोंद होती, आणि ही गोष्ट पुढच्या सगळ्या हकिगतीत लक्षात ठेवावी लागेल.

मग कार्डाचे फोन आले. रंगीत पडद्याचे नोकिया, सोनी एरिक्सनचे वॉकमन, आणि मागच्या बाजूला दोन-दोन स्पीकर लावलेले चायना फोन. एक जीबीचं कार्ड, दोन जीबीचं कार्ड. आमच्या काउंटरवरच्या कॉम्प्युटरमध्ये फोल्डर लावलेले असत: मराठी जुनी, मराठी नवी, भीमगीतं, कोळीगीतं, हरिपाठ, कीर्तन, भोजपुरी, उडिया, डीजे, रिंगटोन, गेम. लातूर-बीडचा पोरगा आला की बाबामहाराज सातारकरांचा हरिपाठ आणि इंदुरीकर महाराजांची कीर्तनं हमखास. बिहारचा आला की भोजपुरीचा अख्खा फोल्डर. वायरिंग हार्नेसच्या कंपन्यांत मुलींची भरती वाढली तशा मुलीही यायला लागल्या. काउंटरला बाई बसलेली असल्यामुळे त्या आमच्याकडेच यायच्या. “ताई, वर भजनं टाका. आणि ती बाकीची गाणी आत कुठेतरी, घरी कुणी उघडून बघितलं तर दिसायला नकोत.” मी ‘सिस्टिम’ नावाचा फोल्डर करून त्यात टाकून द्यायची.

हा धंदा परवान्याचा नव्हता. संगीत कंपन्यांच्या संघटनेने नंतर अशा दुकानांसाठी रीतसर परवान्याची योजना काढली, काहींनी घेतला, बहुतेकांनी नाही. गाण्याच्या मालकाला त्याचे पैसे मिळायला हवे होते हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. पण पट्ट्यातल्या लाखो माणसांच्या कानात गाणी पोचवण्याचं काम त्या वर्षांत या काउंटरांनी केलं, तेही तितकंच खरं.

गेमचा आवाज काढून मागणारी गिऱ्हाइकं त्याच रांगेत असायची. पहिल्यांदा कुणी मागितला ते आठवत नाही, पण का मागत ते पक्कं आठवतं. प्रेस शॉपमध्ये काम करणारे सांगायचे की गाण्याची रिंगटोन मशीनच्या धडधडाटात विरघळून जाते. शब्द, तबला, व्हायोलिन, काहीच वर येत नाही. गेममध्ये चौकार लागला की जी टुणटुणीत धून वाजते ती मात्र आरपार येते, कारण ती उंच पट्टीतली, एकेका सुराची, मोकळी असते. “ताई, तो क्रिकेटचा गेम आहे ना, त्यात फोर गेल्यावर वाजतं, तेवढं काढून द्या.” हौस होतीच, पण मुळात ती कामाच्या जागेची गरज होती. बाकी कुणाला सांगितलं तर पोरखेळ वाटेल, मला कधी वाटला नाही.

त्या वेळचे गेम जावाचे, फाइलीचं नाव डॉट जार. जार म्हणजे आतून झिपच. झिप ही पद्धत अमेरिकेतल्या फिल कात्झ यांनी १९८९ साली काढली आणि आजही अशी कुठलीही फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर अगदी पहिली दोन अक्षरं पी आणि के दिसतात, त्यांच्या नावाची आद्याक्षरं. जार फाइलीचं नाव बदलून पुढे झिप लिहिलं की ती मुकाट्याने उघडायची. आत एका फोल्डरमध्ये मॅनिफेस्ट नावाची छोटी मजकूर फाइल, त्यात गेमचं नाव, आवृत्ती आणि बनवणाऱ्या कंपनीचं नाव. त्या ओळीत कधी कधी इंडियागेम्स असं लिहिलेलं यायचं. विशाल गोंडल यांनी १९९९ साली मुंबईत काढलेली ही कंपनी, पुढे ती डिस्नेच्या हाती गेली. परदेशी नावांच्या गर्दीत मुंबईचं नाव दिसलं की मला अभिमान वाटायचा.

मॅनिफेस्टच्या खाली कोडच्या फाइली, चित्रं, आणि नशीब चांगलं असेल तर डॉट एमआयडी नावाच्या मिडी फाइली. त्या उचलायच्या, कार्डावर टाकायच्या, झालं काम. पण सगळे गेम असे सरळ नसत. सुरुवातीच्या नोकिया सीरिज ४० फोनवर अख्खा गेम ६४ केबीत बसवावा लागायचा. आजच्या फोनवरचा एखादा फोटो त्याच्या पन्नासपट मोठा भरेल. इतक्या तोकड्या जागेत प्रत्येक फाइलीचं नाव आणि नोंद ठेवण्यात जागा जाते, म्हणून बनवणारे सगळं एकाच मोठ्या डेटा फाइलीत सलग चिकटवून टाकायचे. चित्रं, मजकूर, आवाज, सगळं एकापुढे एक. नाव नाही, शेपूट नाही. त्या फाइलीत आवाज कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते स्वतः शोधायचं.

ते काम मी हेक्स एडिटरमध्ये शिकले. डावीकडे सोळा-सोळा आकड्यांच्या ओळी, उजवीकडे त्याच आकड्यांची अक्षरं. प्रत्येक जातीच्या फाइलीला सुरुवातीला स्वतःची खूण असते. मिडीची खूण चार अक्षरांची: एम, टी, एच, डी. त्यापाठोपाठ तीन शून्यं आणि सहा, कारण त्या मथळ्याची लांबी कायम सहा बाइट असते. शोधामध्ये ही चार अक्षरं टाकायची, एंटर मारायचा आणि अक्षरांच्या कचऱ्यातून ती डोळ्यांपुढे यायची. तिथून पुढे एम, टी, आर, के अशी दुसरी खूण, प्रत्येक ट्रॅकची, आणि तिच्यानंतरच्या चार बाइटांत त्या ट्रॅकची लांबी. ती लांबी मोजत पुढे जायचं, शेवटच्या ट्रॅकच्या टोकाला एफएफ, २एफ, ०० असे तीन बाइट भेटतात. सूर इथे संपला, असं त्यांचं म्हणणं. एमपासून त्या शून्यापर्यंत निवडायचं, कॉपी करायचं, नव्या फाइलीत टाकून नाव द्यायचं. पहिल्यांदा असा कापलेला तुकडा वाजला तेव्हा मी दादाला हाक मारली होती. दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं तरी तो आत आला आणि आम्ही दोघांनी ती आठ सेकंदांची धून पुन्हा पुन्हा ऐकली.

हे काम तंत्राचं होतं आणि ते शिकवणारी संस्था पट्ट्यात कुठेही नव्हती. टूलरूममध्ये मायक्रॉनचा हिशोब करणारा माणूस कारागीर समजला जातो. काउंटरवर बसून बाइट मोजणारीला ‘डाउनलोडिंगवाली’ म्हणत. मला त्याचं वाईट वाटायचं, कारण अचूकता दोन्हीकडे सारखीच लागायची. एक बाइट मागेपुढे झाला तर फोन ‘फाइल चालत नाही’ एवढंच सांगायचा.

आणि इथेच मोठा पेच होता. काढलेली मिडी फाइल गिऱ्हाईकाच्या फोनवर टाकली की तो कधी कधी म्हणायचा, “हा तो आवाज नाही.” तो बरोबर असायचा. मिडीत आवाज नसतोच. कोणता सूर, किती वेळ, किती जोरात आणि कोणत्या वाद्यावर, एवढीच नोंद असते, पेटीवाल्या काकांच्या चिठ्ठीसारखी. वाद्यं १९९१ साली ठरलेल्या एका यादीतली, त्यांचे १ ते १२८ क्रमांक. त्यात १०५वी सतार आहे आणि ११२वी चक्क सनई. पण ती सनई कशी वाजायची हे प्रत्येक फोनमधल्या चिपवर अवलंबून. नोकियावर ती जरा गोड लागायची, चायना फोनवर त्याच फाइलीतली सनई कर्कश, आणि कॉम्प्युटरवर तिसरीच काहीतरी. म्हणजे अर्काइव्ह, गेमची ती बांधलेली फाइल, उघडून मिळाली ती चीज, गायक त्या त्या फोनमध्येच राहिला. म्हणून मी दोन गोष्टी करायला लागले. फाइल काढायची, आणि ज्या फोनवर गिऱ्हाईकाने ती ऐकली असेल त्याच फोनच्या हेडफोनच्या भोकातून वायर लावून कॉम्प्युटरवर रेकॉर्डही करायची. रिंगटोनसाठी दुसरी, ठेवण्यासाठी दोन्ही. आज मागे वळून पाहताना हे दुहेरी काम केलं याचं मला फार समाधान आहे.

अँड्रॉइड आलं आणि चित्र पालटलं. गेमची फाइल आता एपीके, तीही आतून झिपच, पहिली अक्षरं तीच पी आणि के. पण आत मिडीच्या जागी ओग फाइली. ओग व्हॉर्बिस हा २००२ साली पक्का झालेला, कुणालाही फुकट वापरता येणारा आवाजाचा प्रकार, म्हणून गेमवाल्यांचा लाडका. हा खराखुरा आवाज, सगळ्या फोनवर सारखाच वाजणारा. माझी वायर काही दिवस अडगळीत गेली.

२०१३ साली सबवे सर्फर्स या डॅनिश गेमने जगभरातल्या शहरांची फेरी काढली आणि तीत मुंबई आली. रुळांवरून पळणारा पोरगा मुंबईत पळतोय, याचं आमच्या गिऱ्हाइकांना केवढं अप्रूप. पण त्या गेमची रीत अशी की काही आठवड्यांनी अपडेट आलं की शहर बदलायचं. मुंबई गेली, तिच्याबरोबर तिचं संगीतही गेलं. फोनने रात्री वायफायवर आपोआप अपडेट घेतलं की सकाळी दुसरंच शहर. मग लोक यायचे, “ताई, मुंबईवालं म्युझिक परत मिळेल का?” ज्याच्या फोनवर जुनं एपीके राहिलं असेल त्याच्याकडूनच ते मिळायचं. गाण्याची कॅसेट जुनी झाली तरी घरात राहते. गेमचा आवाज मात्र त्याचा बनवणाराच नव्या आवृत्तीने पुसून टाकतो, तेही गिऱ्हाइकाला न विचारता. हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं आणि तेव्हापासून मी जुनी एपीके तारखेसकट वेगळ्या डिस्कवर ठेवायला लागले.

तो गेम युनिटी नावाच्या इंजिनवर बनलेला होता. युनिटीत फाइली सुट्या नसतात, ‘अॅसेट्स’ नावाच्या डब्यात गोळा केलेल्या असतात. २०१५ साली युनिटीची पाचवी आवृत्ती आली आणि आवाज एफएसबी५ नावाच्या आणखी एका वेष्टनात जायला लागला. त्या वेष्टनाची एक गंमत सांगायलाच हवी. व्हॉर्बिस फाइलीच्या सुरुवातीला कोडबुक नावाचा मोठा तक्ता असतो, पुढचा आवाज कसा उलगडायचा त्याची किल्ली. एफएसबी५ बनवणाऱ्यांनी जागा वाचवायला तो तक्ताच काढून टाकला आणि त्याच्या जागी फक्त ओळखीचा एक आकडा ठेवला. किल्ली गेमच्या इंजिनात, कुलूप फाइलीत. नुसता तुकडा कापून घेतला तर तो कुठेच वाजत नाही. मग जगभरातल्या हौशी लोकांनी बसून कोणत्या आकड्याला कोणता तक्ता, याची यादी तयार केली. व्हीजीएमस्ट्रीमसारखी मोफत साधनं तीच किल्ली लावून असे आवाज वाजवून दाखवतात. इटलीतल्या लुइजी ऑरिएम्मा यांचं क्विकबीएमएसही असंच, हरतऱ्हेच्या गेमचे डबे उघडण्यासाठी लिहिलेलं आणि सगळ्यांना खुलं. चाकणच्या एका गाळ्यात बसून मी त्यांची मेहनत वापरली. त्या लोकांचे उपकार मोठे आहेत.

या काळात आवाजाचे तुकडेही झाले. क्रिकेटच्या गेममधली कॉमेंट्री घ्या. अर्काइव्ह उघडलं की एक सलग कॉमेंट्री सापडत नाही, शेकडो बारके तुकडे सापडतात. एकात आकडा, एकात संघाचं नाव, एकात नुसतं ‘उंच फटका’, एकात प्रेक्षकांचा गलका, तोही तीन-चार चढत्या पायऱ्यांचा. गेम चालू असताना प्रसंग बघून ते जोडले जातात. म्हणजे पुन्हा तोच पेच. सगळे तुकडे हातात आले तरी खेळताना ऐकलेली कॉमेंट्री हातात येत नाही, ती खेळूनच तयार होते. मी अडगळीतली वायर परत काढली. दरम्यान पुण्यातही गेम बनायला लागले होते. जेटसिंथेसिसचा सचिन सागा २०१७चा, सुपरगेमिंगचा मास्कगन आणि पुढे इंडस. आमच्या पट्ट्यापासून तासाभराच्या अंतरावर कुणीतरी स्टुडिओत बसून हे आवाज बनवतंय, ही कल्पनाच मला आनंद द्यायची.

आणि मग पबजी. २०१८ ते २०२० या दोन वर्षांत महाळुंगे, खराबवाडी, निघोजे, कुरुळी, कुठल्याही गावातल्या भाड्याच्या खोलीत शिरलात तर कॉटवर उताणे पडलेले चार ट्रेनी आणि चारही फोनमधून तोच लॉबीचा घोष. एकाच खोलीत फर्स्ट, सेकंड आणि नाइट अशा तिन्ही शिफ्टची पोरं, त्यामुळे तो घोष चोवीस तास. गेमचा मुख्य डबा ओबीबी नावाच्या फाइलीत. गूगलने २०१२ साली ही सोय काढली, कारण तेव्हा एपीकेला ५० एमबीची मर्यादा होती आणि मोठ्या गेमचं सामान ठेवायला दोन जीबीपर्यंतच्या वेगळ्या फाइली लागत. पबजीची ओबीबीही वरून झिपच, आत पॅक नावाचे गठ्ठे. डेटा स्वस्त झाला होता तरी एवढी फाइल प्रत्येकाने उतरवण्यापेक्षा एकाने उतरवायची आणि शेअरइट अॅपने बाकीच्यांना द्यायची, हा खोल्यांमधला रिवाज. कॅसेटीवरून कॅसेट, कार्डावरून कार्ड, फोनवरून फोन. धंदा दुकानातून उठून खोलीत गेला होता आणि माझ्याकडे येणारे फक्त आवाज काढून मागणारे उरले होते.

२०२० साल या गोष्टीत फार महत्त्वाचं आहे. जूनच्या अखेरीस केंद्र सरकारने ५९ अॅपवर बंदी घातली, त्यात शेअरइट गेलं. २ सप्टेंबरला आणखी ११८ अॅप बंद झाली, त्यात पबजी मोबाईल. आणि त्याच सप्टेंबरमध्ये अँड्रॉइडची अकरावी आवृत्ती आली. एका अॅपने दुसऱ्या अॅपच्या फोल्डरमध्ये डोकावायचं नाही, असा तिचा नियम. सुरक्षेच्या दृष्टीने तो योग्यच. पण त्यामुळे फोनवरच्या साध्या फाइल मॅनेजरमधून ओबीबीचा फोल्डर उघडेनासा झाला. खेळ गेला, तो एकमेकांना द्यायचं साधन गेलं आणि फाइलीपर्यंत जायची वाटही गेली, हे सगळं तीन महिन्यांच्या आत. पुढे २०२१च्या जुलैत तोच खेळ भारतासाठी बीजीएमआय नावाने परत आला. गूगलनेही नव्या गेमसाठी ओबीबीची पद्धत त्याच वर्षी मागे टाकली. आता बरंचसं सामान खेळ सुरू झाल्यावर लागेल तसं सर्व्हरवरून येतं, कुलूप लावूनच येतं, आणि सर्व्हर बंद झाला की मागे काही राहत नाही.

कुलपाबद्दल कायदा काय म्हणतो हे मी मुद्दाम समजून घेतलं, कारण लोक मला विचारतात. आपला कॉपीराइट कायदा १९५७चा. २०१२च्या दुरुस्तीत त्यात ६५-अ हे कलम आलं. हक्कभंग करण्याच्या हेतूने संरक्षणाचं तांत्रिक कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कायद्याने मना न केलेल्या कामासाठी मात्र त्याच कलमात सूट ठेवली आहे. माझा स्वतःचा नियम त्याहून साधा आहे. ज्याच्याकडे गेम आहे त्याला त्याच्या फोनपुरता आवाज काढून देते. कुणी आपल्या गेममध्ये, जाहिरातीत किंवा रीलमध्ये वापरायला मागितला तर हात जोडते. संगीतकाराने रात्री जागून बनवलेली धून आहे ती, फुकटचा माल नव्हे.

आता काउंटरवर गाणी भरायला कुणी येत नाही. मी दुरुस्ती करते, करप्ट कार्डातून फोटो काढून देते आणि जुने गेम सांभाळते. जावा गेमची फाइल आजच्या फोनवर चालवायला जेटूएमई लोडरसारखं मोफत अॅप आहे, काह्वीब्रेक नावाचा एक प्रकल्प जगभरातले असे गेम गोळा करतो. त्यात युरोप-अमेरिकेतलं पुष्कळ सापडतं. आपल्याकडे बनलेलं, क्रिकेटचं, सिनेमांच्या नावावर निघालेलं त्या मानाने फारच थोडं, आणि ते मुख्यतः इथल्या जुन्या कार्डांतच आहे. जयकर ग्रंथालयात वर्तमानपत्रांच्या फाइली आहेत, फिल्म संग्रहालयात रिळं आहेत. मोबाईल गेमचे आवाज ठेवायला पुण्यात एखादं कपाट, निदान एखादी हार्ड डिस्क असावी, असं मी भेटेल त्या प्राध्यापकाला सांगत असते.

घाई करायला हवी, कारण कार्डं मरतायत. फ्लॅश मेमरीत माहिती म्हणजे बारक्या कप्प्यांत अडकवून ठेवलेला विद्युतभार. कार्ड वर्षानुवर्षं नुसतं पडून राहिलं की तो हळूहळू गळतो. २००९-१०ची कार्डं आता हातात येतात तेव्हा कधी अर्धा फोल्डर दिसतो, कधी नुसती नावं दिसतात आणि फाइल उघडत नाही. अशा वेळी मी सगळ्यात आधी पूर्ण कार्डाची बाइट-बाइट नक्कल घेते, तिच्यात एमटीएचडी आणि पीके शोधते, बऱ्याचदा नाव हरवलेली फाइलही आत जिवंत निघते. परत देताना कार्डाबरोबर एक पेन ड्राइव्ह देते. त्यात तीन फोल्डर असतात: कार्डाची नक्कल, काढलेल्या फाइली आणि फोनवर वाजवून घेतलेलं रेकॉर्डिंग. तिसरा फोल्डर भरायला मूळ फोनच लागतो. म्हणून चाकणच्या भंगारवाल्यांना मी सांगून ठेवलंय की नोकिया, सॅमसंग, चायना, जो काही बटणाचा फोन येईल तो फोडायच्या आधी मला दाखवा, बॅटरी फुगलेली असली तरी चालेल, भाव तुमचाच.